मशीनपुढचा पाट

तुम्ही ते झाकण उचललं नाहीत, साहेब. बिल्डिंगची वीज पास करताना उचललं नाहीत आणि माझी बायको गेल्यावर आलात तेव्हाही नाही. दारात बूट घालून उभे राहिलात, तिथूनच मोरीकडे बघितलंत आणि लिहिलंत, 'मशीन सदोष'. जाताना म्हणालात, "जुनी मशीन घरात आणतात कशाला ही लोकं?" ही लोकं म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. तेव्हा मला काहीच विचारता येत नव्हतं.

माझं नाव हारून. दहिवलीत राहतो, टेंपो चालवतो. पळसदरीकडे मुंबईवाल्यांचे बंगले आहेत, त्यांचं सामान नेतो आणतो. तिथल्या एका बाईंनी नवी मशीन घेतली आणि जुनी मला दिली. पुढून काचेचं दार असलेली. आत कपडे फिरायला लागले की माझी बायको, सफुरा, समोर बसून राहायची.

"टीव्हीपरीस बरी हाय," म्हणायची, "जाहिराती नायत."

मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या. पहिल्या दिवसापासून. म्हणून सफुरा मशीनपुढे लाकडी पाट ठेवायची आणि पाटावर उभी राहून कपडे काढायची. पाटावर काही लागत नाही. मशीन जुनी आहे, चालायचंच, असं आम्ही धरून चाललो. आपली मशीन करंट मारते हे कोण चारचौघांत सांगतं?

त्या दिवशी पाट घरात नव्हता. समोरच्या विनितावहिनींकडे त्यांच्या भाच्याचं केळवण होतं. पंगतीसाठी त्यांनी बिल्डिंगभरचे पाट गोळा केले होते. सफुराने आपलाही दिला. "न्या वैनी, आज मशीन लावायचीच नाय," म्हणाली. मग अवचित पाणी आलं आणि तिने मशीन लावली. ओल्या फरशीवर अनवाणी. एक हात मशीनवर, एक नळावर. समोर पंगत बसली होती, त्यांना पडल्याचा आवाज आला. कुणीतरी धावत येऊन मेन बंद केला. मी खोपोलीच्या रस्त्याला होतो.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तिचा भाऊ सलमान खालापूरहून आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "भंगार आणलंस आणि माझ्या बहिणीला मारलंस."

मी म्हटलं, "हो."

तुम्ही तसंच लिहिलं होतं ना. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, रडतो का ते. रडू आलं नाही. जेवण पुढे आलं की जेवायचो. मीठ आहे की नाही ते कळायचं नाही.

मशीन तशीच होती. दार लॉक, आत पाणी, पाण्यात तिने घातलेले कपडे. शेवटी गजाला फोन केला. अख्ख्या कर्जतच्या मशीनी गजा दुरुस्त करतो. शाळेपासूनचा दोस्त आहे.

"आता काय बघायची रं ती?" गजा म्हणाला. "देऊन टाक भंगारात."

"तिच्यात दोष होता का नव्हता, तेवढं सांग. मग देतो."

सकाळी आला. माझ्याकडे बघेना. सरळ मोरीत जाऊन बसला आणि मशीनशी बोलायला लागला, नेहमी बोलतो तसा. "ये म्हातारे, पोट दाखव." खालचं झाकण काढून पाइपातून पाणी सोडलं, फिल्टर बाहेर ओढला. फिल्टरात एक बटण आणि सफुराची केसातली पिन. पिन पुसून त्याने खिडकीत ठेवली.

मग आतली दोरी ओढून दार उघडलं. वास आला. मी कपडे बादलीत काढले. माझा खाकी शर्ट, तिच्या दोन ओढण्या, उशीचे अभ्रे.

गजाने मशीनची पाठ खोलली. वायरीतून, मोटरीतून, हीटरातून करंट कुठे बाहेर गळतो का, ते तपासायचं त्याच्याकडे यंत्र आहे. एकेक बघत गेला. मला वाटत होतं आता म्हणेल, हे बघ, हितं. मी तयार होतो.

"टकाटक हाय रं," तो म्हणाला. "कुठंच गळत नाय."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. तुज्यापरीस धडधाकट हाय ती."

मग त्याने टेस्टचा बल्ब काढला, दोन वायरींचा. मशीनची पिन सॉकेटात लावली, बटण बंदच ठेवलं. एक वायर नळाच्या लोखंडी पाइपाला, दुसरी मशीनच्या पत्र्याला.

बल्ब पेटला.

"बटन बंद हाय ना?"

"बंद आहे."

"घरचा मेन पाड."

मी मेन पाडला. डोक्यावरचा पंखा थांबला. बल्ब पेटलेलाच. गजा बसल्या जागी मागे सरकला आणि त्याच्या तोंडून शिवी गेली. माझ्या घरात वीज नव्हती आणि मशीनच्या अंगात होती.

आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळाने बल्ब आपोआप विझला. वरच्या मजल्यावरचं पाणी मोरीच्या पाइपातून खळखळत खाली गेलं. कुणाची तरी आंघोळ झाली होती.

"गिझर," गजा म्हणाला.

त्याने मला समजावलं ते तुम्हाला माहीत आहे, साहेब. तरी सांगतो. पिनेचा तिसरा, जाडा पाय असतो त्याची हिरवी वायर. ती बटणाने बंद होत नाही, मेननेही नाही. सगळ्या घरांच्या हिरव्या वायरी खाली एकत्र येतात आणि तिथून जमिनीत जातात. कुणाच्या गिझरात बिघाड झाला तर करंट त्या वाटेने जमिनीत जिरायचा.

"आणि जमिनीत गेलीच नसली वायर तर?"

"मग करंट जाईल कुठं? फिरल की घराघरात. ज्याच्या मशीनीची पिन लावलेली, त्याच्या मशीनीत."

आम्ही खाली गेलो. मीटरच्या खोलीत हिरव्या वायरींचा जुडगा होता, त्याला जोडलेली पट्टी भिंतीतून मागे गेली होती. मागे पंपाशेजारी सिमेंटचं झाकण आहे, त्यावर लाल रंगात 'अर्थिंग' लिहिलंय. बिल्डिंग झाली तेव्हापासून आमच्या बायका त्यावर पापड वाळत घालतात. गजाने टेंपोतली लोखंडी टॉमी घालून झाकण उचललं. आत रेती. रेतीवर गुटख्याच्या पुड्या. पट्टी झाकणाच्या खाली वीतभर येऊन संपली होती, टोक कापलेलं. गजाने हाताने रेती उकरली, कोपरापर्यंत उकरली. खाली मुरूम लागला. पट्टी नाही, जमिनीत पुरायची प्लेट नाही, काही नाही.

तो तिथेच कठड्यावर बसला.

"या बिल्डिंगीतल्या निम्म्या मशीनी मी खोलल्यात, हारून्या. सगळ्या बाया सांगायच्या, मुंग्या येतात. मी म्हनायचो, सिलीपर घाला. एवढं तर येतंच, म्हनायचो."

फोटो काढले. आधी वरच्या मजल्यावरचा गिझर बंद करायला लावला. मग दारोदार जाऊन सांगितलं, मशीनची पिन काढून ठेवा.

वर आलो तर माझ्या दारात विनितावहिनी उभ्या. हातात पाट. घासून स्वच्छ केलेला. तरी एका कडेला केळवणाच्या कुंकवाचं बोट राहिलं होतं.

"पाट द्यायचा ऱ्हायला होता, भाई."

"ठेवा."

त्यांनी ठेवला नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"सगळ्यांचे पाट परत करताना बगितलं, भाई. एकूनेक पाटाच्या बुडाला साबनाचा पांढरा थर. माज्यापन. सगळ्या जनी पाटावरच उभ्या ऱ्हायच्या, आनि कोनीच कोनाला बोललं नाय." मग हळू म्हणाल्या, "मी नेला नसता तर ती पाटावर असती. मी ह्यांनापन इचारलं नाय. तुमीच सांगा. माज्यामुळं झालं का?"

मी म्हटलं, नाही. झाकणाचं सांगितलं, मोबाइलवर फोटो दाखवला. गजानेही सांगितलं, हात हलवून हलवून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पन पाट तर मीच नेला ना," म्हणाल्या.

संध्याकाळी मी ते कपडे नळाखाली हाताने धुतले आणि दोरीवर टाकले. साबणाचा वास येत होता असं गजा म्हणाला. मला आला नाही. सलमानला फोटो पाठवले. त्याचा फोन आला. "फोटो कोणपण काढतो. साहेबानं लिवलंय ते काय खोटं?"

तुमच्या हापिसात येऊन गेलो. साहेब साइटवर. पुन्हा आलो, साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, लेखी द्या. म्हणून हे लेखी.

सफुरा परत येणार नाही, ते मला कळतं. मला फक्त एवढंच हवंय की जे लिहिलंत ते तुम्ही खोडावं. सलमानला माझं पटत नाही, त्याचं सोडा. पण विनितावहिनी आता जेवायला पाटावर बसत नाहीत. धुणं हाताने धुतात, दार लोटून. मी जिना चढताना दिसलो की आत जातात. त्यांना मी दहा वेळा 'नाही' म्हणून झालं. माझ्या 'नाही'ला वजन नाही, साहेब. वजन तुमच्या सहीला आहे, आणि ती सही त्या रेतीवर आहे.

म्हणून एकच विचारतो. बिल्डिंग पास केलीत त्या दिवशी ते झाकण उचललं होतंत का?

हो की नाही, ते लिहून द्या. मी ते समोरच्या दारात नेऊन देणार आहे.