शेवटच्या ओळीच्या आधी

मी गाणं कापलं म्हणून इस्त्री माझ्याशी बोलेनासा झाला, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या धावपळीत तेवढाच काय तो आराम मला मिळाला.

इस्त्री म्हणजे आमच्या दादाच्या बँडमधला कीबोर्डवाला. त्याच्या कीबोर्डचा स्टँड थेट इस्त्रीच्या टेबलासारखा दिसतो, म्हणून हे नाव. बँडमध्ये तो, ड्रम वाजवणारा एक डेंटिस्ट, आणि बेस गिटार वाजवत गाणारा माझा दादा, असे तिघे. तिघेही पन्नाशी ओलांडलेले, आणि तिघेही प्रोग्रेसिव्ह रॉकच्या नादाला लागलेले. ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की इतरांचं गाणं जेवढ्यात संपतं तेवढ्यात यांची नुसती सुरुवात होते. चार मात्रांच्या ठेक्यात बरं चाललेलं गाणं उगाच सातात जातं, सातातून अकरात, आणि आपण पायाने ताल धरला असेल तर आपल्यालाच आपल्या पायाची लाज वाटते. संपलं असं समजून टाळी वाजवावी, तर ते संपलेलं नसतं, आणि आजूबाजूची मंडळी आपल्याकडे असं बघतात की जणू आपण कुणाच्या घरात चपला घालून शिरलोय.

मला हे संगीत आवडतं असं मी कधीही म्हटलेलं नाही. तरी या लोकांचा लहानसा महोत्सव दरवर्षी मीच भरवते. तो दादाने सुरू केला, आणि दादाला हॉल बुक करण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत यातलं काहीही जमत नाही.

मग साथ आली आणि महोत्सव बंद पडला. त्या काळात दादाने दवाखान्यात ऑक्सिजनवर बरेच दिवस काढले. घरी आला तो निम्मा होऊन. कुणी विचारलं की 'ठणठणीत आहे' म्हणायचा, आणि फोन पटकन वहिनीच्या हातात द्यायचा. पुन्हा कार्यक्रमांना परवानगी मिळाली तसं त्याने मला घरी बोलावलं आणि महोत्सव करायचाय म्हणाला. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांच्या बँडचं मोठं गाणं होणार, पूर्ण.

"जमलं तर पुढे गात राहीन," तो म्हणाला. "नाही जमलं तर माइक इस्त्रीला देऊन टाकतो आणि घरी बसतो. मग त्या विषयावर कुणी माझ्याशी बोलायचं नाही."

येताना कोथिंबीर आण म्हणावं तशा आवाजात त्याने हे सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वहिनी आत निघून गेली. दादा वयाच्या पंधराव्या वर्षापासून गातोय. न गाणारा दादा घरात कसा वावरेल याची मला कल्पनाच करवेना, आणि त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

त्यात बाकीच्यांनी डोक्याला ताप द्यायचं बाकी ठेवलं नाही. दरवर्षी येणाऱ्या बँडपैकी एकात गिटारवाला आणि गाणारा यांचं घरबसल्या फोनवरच भांडण होऊन बँड फुटला होता. दुसऱ्यांनी दोन वर्षं एकांतात काढल्यावर ठेका हीच हिंसा आहे असं ठरवलं होतं आणि आता ते फक्त वाऱ्यासारखे आवाज काढत होते. मी म्हटलं, काढा, पण वेळेत काढा. हॉलच्या व्यवस्थापकाने नवे नियम ऐकवले: खुर्च्या लांब लांब मांडायच्या, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, आणि खिडक्या उघड्या म्हणजे शेजाऱ्यांना त्रास, म्हणून आठ वाजता सगळं बंद. एकदा उशीर झाला की पुन्हा हॉल मिळणार नाही.

आणि मोजणीकाका होतेच. हे आमचे सगळ्यात जुने श्रोते. दरवर्षी पहिल्या रांगेत बरोबर मधल्या खुर्चीवर बसतात, डोळे मिटतात, आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत प्रत्येक मात्रा मोजतात. कार्यक्रम संपला की मला गाठून कोण कुठे चुकलं ते सांगतात. मला, जिला यातलं ओ की ठो कळत नाही. साथीच्या काळातही ते दर महिन्याला फोन करून महोत्सवाची तारीख विचारत. आता त्यांना नवी चिंता लागली होती. लांब मांडल्यावर पहिल्या रांगेत खुर्च्या सम संख्येत बसत होत्या, म्हणजे मधली खुर्चीच उरली नव्हती. यावर माझं काय म्हणणं आहे, असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

तर अशा अवस्थेत मी तालमीला गेले. तालीम डेंटिस्टच्या दवाखान्यात व्हायची, सुट्टीच्या दिवशी, पेशंट बसतात त्या खोलीत. खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, मध्ये ड्रम, वर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र. मी घड्याळ लावून बसले. हे गाणं पूर्वीही काही लहान नव्हतं, पण आता ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच चाललं होतं. दादा दोन ओळी गायचा आणि इस्त्री सुटायचा. तो दमला की डेंटिस्ट. मग दोघं मिळून. मग दादाच्या आणखी दोन ओळी. तेवढ्यात आठ वाजून गेले असते, शेजारी तक्रार करून झोपलेही असते.

मला वाटलं, घरात बसून यांना शिंगं फुटली. दादा एवढ्या दुखण्यातून उठून गायला उभा राहिलाय आणि हे दोघे त्याच्या गाण्यात आपापली हौस भागवून घेतायत. मी चांगलीच तापले. गाणं जुन्या रेकॉर्डवर आहे तेवढंच वाजवायचं, एक मात्रा जास्त नाही, असं मी बजावलं. डेंटिस्टने इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्रीने दादाकडे पाहिलं. दादा गिटारची तार पुसत होता.

"ती म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "कापा."

या माणसाने उभ्या आयुष्यात आपल्या गाण्यातला एक सूर कुणाला काढू दिलेला नाही. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. इस्त्रीचंही तसंच. दरवर्षी स्टेजवर धूर हवा म्हणून जीव खाणारा हा माणूस या वर्षी आपणहून म्हणाला होता की धूर नको. मी 'सुटले' म्हणाले आणि पुढे विचारलं नाही.

कळलं ते कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी. आवाजाची जुळणी चालली होती, माझ्या दोन्ही हातांत केबलची वेटोळी होती, आणि स्टेजमागच्या खोलीत वहिनी थर्मासमधून गरम पाणी कपात ओतत होती. खोलीत एक स्टूल होतं. ते तिने उचललं, स्टेजवर नेऊन दादाच्या माइकमागे ठेवलं, आणि परत येऊन म्हणाली की आता त्याचा काही उपयोग नाही म्हणा. मी विचारलं, कशाचा. तेव्हा तिने सांगितलं. दादाला दोन ओळींच्या पुढे सलग गाता येत नव्हतं. दम पुरत नव्हता. म्हणून त्या दोघांनी मध्ये मध्ये वाजवणं वाढवलं होतं, तेवढ्यात त्याला स्टुलावर टेकून श्वास भरून घेता यायचा. कुणाला सांगायचं नाही अशी दादाने शपथ घातली होती.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तुला सांगितलं असतं तर तू महोत्सवच रद्द केला असतास, असं ती शांतपणे म्हणाली. मी खरंच केला असता.

मी धावत इस्त्रीकडे गेले आणि कापलेलं सगळं परत घाला म्हणाले. बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी बोलला, तेही खाली बघत. आता कापलेलंच हाताला बसलं होतं. ऐन वेळी परत बदललं तर तिघं तीन ठिकाणी पोचतील, आणि दादाला उलट जास्त त्रास होईल. मी व्यवस्थापकाला गाठून थोडा वेळ वाढवून मागितला. त्याने नुसतं खिडक्यांकडे बोट दाखवलं. पलीकडच्या घरात कुणाचा तरी टीव्ही इतका स्पष्ट ऐकू येत होता की बातम्या लिहून घेता आल्या असत्या.

दादा स्टेजवर गुडघे टेकून केबल चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होता. मी त्याच्या शेजारी बसले.

"दादा, शेवटचं कडवं गाळू या."

"पूर्ण म्हणजे पूर्ण."

"आणि मध्येच दम लागला तर?"

"लागला तर लागला. लोकांना दिसेल." त्याने चिकटपट्टी दातांनी तोडली. "मला दिसेल. मग कटकट मिटली एकदाची."

मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला आणि रडावंसंही वाटलं. दोन्हीला वेळ नव्हता, कारण दारात मोजणीकाका आले होते, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी, काखेत उशी घेऊन. त्यांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची सरकवून बरोबर मध्ये आणली. व्यवस्थापकाने ती परत जागेवर ठेवली. काकांनी ती पुन्हा आणली. शेवटी मीच ओरडले की बसू द्या हो त्यांना.

पहिल्या बँडची एम्प्लिफायरशी झटापट झाली. वाऱ्यासारखे आवाज काढणारे थांबेचनात, तेव्हा मी त्यांचा माइकच बंद केला आणि त्यांना ते कळलंही नाही. मग दादाचा बँड उभा राहिला. मी स्टेजच्या कडेला, दिव्यांच्या बटणांपाशी, वहिनीशेजारी उभी राहिले.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात ओळीच्या शेवटचे शब्द बारीक व्हायला लागले. तिसऱ्यापर्यंत दादाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि स्टूल तसंच मागे पडून होतं, कारण टेकायला उसंतच नव्हती. माझी कात्री प्रत्येक ओळीनंतर मला दिसत होती. वहिनीने माझा दंड धरला होता, आणि ती किती जोरात धरतेय ते तिला कळत नसावं.

गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि दादा एकट्याने शेवटची ओळ उचलतो. रेकॉर्डवर तो ती लगेच उचलतो. वाद्यं थांबली. दादाने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

डेंटिस्टच्या काठ्या हवेत तशाच राहिल्या. इस्त्रीचे हात कीबोर्डच्या वर तसेच. दादाने माइकचा दांडा घट्ट धरला होता, त्याचे खांदे वर-खाली होत होते, आणि उघड्या खिडकीतून त्या शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू यायला लागला. मी बटणावर हात ठेवला. दिवे घालवायचे, बिघाड झाला म्हणून सांगायचं, निदान सगळ्यांसमोर त्याला असं उभं राहायला नको. तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं.

कुणी खोकलं नव्हतं. कुणी शेजारच्याशी कुजबुजलं नव्हतं. सगळे पुढे झुकून बसले होते, माना किंचित हलत होत्या आणि गुडघ्यांवरची बोटं चालत होती. ते मोजत होते. गाण्यात नवीन थांबा घातलाय अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि तो किती मात्रांचा आहे हे हुकू नये म्हणून अख्खा हॉल श्वास रोखून बसला होता. या मोजण्याच्या खोडीपायी मी या लोकांना इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मी बटणावरचा हात काढला.

मोजणीकाकांचा हात छातीशी होता, अंगठा पेरांवरून फिरत होता, चेहऱ्यावर परम समाधान. दादा त्या हाताकडे बघत होता. अंगठ्याची एक फेरी पूर्ण झाली. दुसरी सुरू झाली. ती संपत आली तशी दादाने मान वर केली, छाती भरून घेतली, आणि गायला.

आवाज पूर्वीचा नव्हता. बारीक होता, मध्ये एकदा फाटला, आणि शेवटचा शब्द जवळजवळ बोललाच गेला. पण ओळ पूर्ण झाली. डेंटिस्टने आणि इस्त्रीने शेवटचा ठोका एकत्र दिला. त्यानंतर अर्थातच कुणीही टाळी वाजवली नाही, कारण संपलं की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. शेवटी वहिनीनेच पहिली टाळी वाजवली.

मी खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होते तेव्हा काका उशी घेऊन आले. दादा स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला होता, हातात गरम पाण्याचा कप. मोठं गाणं फार बहारदार झालं, असं काका म्हणाले. विशेषतः तो नवा थांबा. इतक्या वर्षांत असं काही घालावं हे दादाला सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी.

"अकराची दोन आवर्तनं हवीत तिथे," ते म्हणाले. "तुम्ही शेवटची मात्रा खाल्लीत. जरा घाई केलीत."

माझ्या हातातली खुर्ची मी तशीच खाली सोडली. घाई, म्हणे. या माणसाचा गळा धरावा की गळ्यात पडावं हे मला ठरवता येईना, आणि संतापाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काकांना वाटलं खुर्ची माझ्या पायावर पडली. त्यांनी वाकून माझा पाय बघितला.

दादाला अजून धाप लागलेली होती. त्याने एक घोट पाणी प्यायलं, आणखी एक प्यायलं, आणि इस्त्रीकडे बघितलं. इस्त्री माइक स्टँडवरून काढून वायर गुंडाळत होता. दादाने हात पुढे केला, आणि इस्त्रीने माइक त्याच्या हातात दिला.

"तुमचं बरोबर आहे," दादा काकांना म्हणाला. "पुढच्या वर्षी पूर्ण थांबतो."

मी डोळे पुसले आणि व्यवस्थापकाला शोधायला निघाले. पुढच्या वर्षीची तारीख धरून ठेवायची होती, आणि पहिल्या रांगेत खुर्च्या विषम मांडायच्या हेही आत्ताच ठरवून घ्यायचं होतं.