सदतीस अंशांची ऊब

मित्रांनो, माझ्या पोटात बाराही महिने सदतीस अंशांची ऊब असते. मी एका प्रयोगशाळेतली जुनी उबपेटी आहे. दिसायला लहानशा कपाटासारखी. आत जाळीच्या तीन फळ्या, तळाशी पाण्याची थाळी आणि दाराला रबरी पट्टी. अंगावर दोन-चार ओरखडे आहेत, पण तब्येत अजून ठणठणीत आहे.

कारखान्यात माझ्या पत्र्याला आकार आला तेव्हा मला वाटलं होतं, आपल्यात अंडी ठेवतील, पिल्लं चिवचिवतील. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला डोळे आले! घाबरू नका. सकाळी कत्तलखान्यातून डुकरांचे डोळे बर्फाच्या डब्यात घालून येत. एरवी ते टाकूनच दिले असते. डोळ्यांसाठी म्हणून एकही जनावर मारलं जात नसे. आमच्या संशोधक बाई ते हलक्या हातानं उघडत आणि आतला पातळ पडदा अलगद सोडवत. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण जे पाहतो, त्याचा प्रकाश हाच पडदा टिपतो. बाई त्याचा नखाएवढा तुकडा छोट्या बशीत, पोषकद्रवावर पसरत आणि बशी माझ्या हवाली करत. तुकडा जिवंत राहिला, तर त्याच्यावर नवी औषधं लावून पाहता येतात. म्हणून त्याला जगवायचं, एवढंच माझं काम.

माझी देखभाल मदतनीस काकांकडे होती. दर सोमवारी ते थाळी काठोकाठ भरत. कुणी दार आपटलं की म्हणत, "अहो, हळू! आत पाहुणे झोपलेत."

बाईंची धाकटी बहीण शिवणकाम करायची. तिची नजर कडेकडेनं विझत चालली होती. अरुंद नळीतून पाहावं तेवढंच तिला दिसे. कधीमधी ती बाईंचा डबा घेऊन यायची. एकदा हसत हसत म्हणाली, "ताई, सुईचं नाक दिसतं गं, पण शेजारी ठेवलेली कात्री सापडत नाही." बाई हसल्या नाहीत.

आणि आमच्या बश्यांचं काही केल्या जमेना. प्रकाशाचा झोत पडला की जिवंत तुकडा विजेची बारीकशी लहर देतो आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ उडी मारते. पहिल्या दिवशी रेघ छान उडायची. चौथ्या दिवशी सपाट. सात वेळा असंच झालं. बाईंनी पोषकद्रव बदललं, डोळे कापायची पाती बदलली, स्वतःच्या हातालाही दोष दिला. माझ्या तोंडावर सदतीसचा आकडा झळकत होता, त्यामुळे माझ्यावर कुणाचा संशय जाईना. खरं सांगते, माझा स्वतःचाही गेला नाही.

एके दिवशी संचालक येऊन म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतंय. पण या महिन्यात जमलं नाही, तर ही खोली दुसऱ्या कामाला द्यावी लागेल."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, काकांनी सहज खाली वाकून पाहिलं. थाळी कोरडी!

"मॅडम, सोमवारी भरली होती मी. हिचं पाणी जातंय कुठे?"

त्यांनी कागदाची एक पट्टी दारात धरली आणि दार लावून ओढली. वरच्या कोपऱ्यात ती सुळकन बाहेर आली. तिथली रबरी पट्टी कडक होऊन आक्रसली होती. त्या फटीतून माझी ओल उडून जायची, बश्यांतलं द्रव आटून खारट व्हायचं आणि तुकडे मरायचे. मला इतकी लाज वाटली! मी त्यांना ऊब देत होते आणि तहानेनं मारत होते.

बाई मात्र खुर्चीत बसून मोठ्यानं हसल्या. "काका, मी महिनोन् महिने जगातली पुस्तकं पालथी घातली, आणि तुम्ही थाळीत पाहिलंत!"

नवी पट्टी बसली. थाळी आता दिवसाआड तपासली जाऊ लागली. चौथा दिवस गेला, सातवा गेला. दहाव्या दिवशी बहीण डबा घेऊन आली, तेव्हा बाई नेमकी बशी तपासत होत्या. झोत पडला.

"उडाली! रेघ उडाली!" काका ओरडले.

बहिणीला संगणक चटकन सापडेना. तिनं मान हळूहळू वळवत तो गाठला आणि पुन्हा झोत पडेपर्यंत नजर हलवली नाही. रेघ परत उडाली.

"ताई, म्हणजे मी बरी होणार?"

बाईंनी झोत बंद केला. "आज तरी तसं सांगता येत नाही गं. पण औषध कशावर तपासायचं, ते आता आमच्या हातात आहे. काल तेही नव्हतं."

"मग तपासा की," बहीण म्हणाली. "आधी जेवून घे मात्र."

मित्रांनो, संचालकांनी ती खोली आमच्याकडेच ठेवली. आता तिथे माझ्याहून देखणी पेटी आली आहे आणि तिच्यात तुकडे तीन-तीन आठवडे जगतात. काका निवृत्त झाले. मी शेजारच्या खोलीत पोषकद्रवाच्या बाटल्या कोमट करते. काम लहान आहे, पण माझी बाटली वेळेवर गेली नाही तर नवीचे पाहुणे उपाशी राहतील. म्हणून मी समाधानी आहे.

तुम्हाला एकच विनंती. जे तुमच्या भरवशावर जगतं, मग ते कुंडीतलं रोप असो, घरातली आजारी आजी असो की बशीतला नखाएवढा तुकडा, त्याची चौकशी आकडा वाचून करू नका. जवळ जा, वाका आणि विचारा, "पाणी हवंय का?"