धाकटा लिहीत आहे

जावयाचा धंदा सांगायला सोपा आणि ऐकायला क्षुल्लक होता. कंपनीचं सॉफ्टवेअर आतून कसंही चालो, बाहेरून कसं दिसावं ते तो ठरवायचा. म्हणजे ठरवायचे साहेब. तो फक्त सीएसएसचे नियम लिहायचा. हे बटण निळं, ते अक्षर जाड, ती चौकट दिसू नये. कुठला निळा यावर मागे तीन बैठका झाल्या होत्या आणि शेवटी जुनाच निळा कायम झाला होता. अशा नियमाच्या शेवटी 'इम्पॉर्टंट' एवढा एक शब्द ठोकला की बाकीचे नियम मुकाट बसतात. सासरी अशी सोय नाही, याचं त्याला अधूनमधून वाईट वाटे.

तरी सासरी त्याची विद्या एकदा उपयोगी पडली होती. सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. कान गेल्यावर त्यांनी फोन सोडला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरवर निरोपानिरोपी धरली. ते अॅप जुनाट होतं, पण त्याला आपल्या नियमांची स्टाइल फाइल जोडता येई. जावयाने अक्षरं बोराएवढी केली, डोळ्यात खुपणारा पांढरा रंग काढून फिका पिवळा आणला आणि प्रत्येक नावापुढचा ठिपका शर्टाच्या गुंडीएवढा केला. माणूस आपल्या कॉम्प्युटरसमोर बसलेला असेल तर ठिपका हिरवा, नसेल तर राखाडी. सासरे त्यांना दिवे म्हणत.

"मजकुराला हात नाही ना लावलात?" त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

"नाही बाबा," जावई त्यांच्या कानाशी ओरडला. "माझं काम फक्त दिसण्याचं. मजकूर जसाच्या तसा."

"बरंय. काटेवालेही हेच म्हणायचे."

दिव्यांच्या यादीत सर्वांत वर धाकट्याचं नाव होतं. धाकटा म्हणजे सासऱ्यांचा मुलगा, जावयाच्या बायकोचा भाऊ. दूरच्या शहरात पुलाच्या कामावर इंजिनियर होता. बापाने रोज सकाळी हवापाण्यापासून राजकारणापर्यंत पानभर लिहायचं आणि पोराने संध्याकाळी 'हं' किंवा 'ठीक' पाठवायचं, असा दोघांचा रिवाज. त्या एका 'हं'वर सासऱ्यांची रात्र छान जायची.

एका मंगळवारी पुलाजवळ ट्रकने धाकट्याला उडवलं. जावयाची बायको आणि तिचे मोठे मामा जाऊन सगळं उरकून आले. मामांच्या कोर्टाच्या कामाला गेलो होतो, असं सासऱ्यांना सांगितलं. कारण त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती, तारीख ठरली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, तोवर धक्का नको. अशा हृदयाला हर्षही झेपायचा नाही, तिथे हे कुठलं? मग मामांनी घरात फर्मान काढलं: आधी ऑपरेशन, मग बातमी. मामा हे त्या घरचे 'इम्पॉर्टंट' होते.

सासूबाई दु:ख करायला स्वयंपाकघरात जात आणि मिक्सर लावत. भांडं रिकामंच फिरे. खरं तर सासऱ्यांना तोफ उडाली तरी ऐकू येत नसे. पण बाई रडणार तर आडोसा हवाच. तोंड धुऊन बाहेर आल्या की नवऱ्याला म्हणत, "केस किती वाढलेत, न्हाव्याकडे जाऊन या." आणि हसत.

पण दिवा राखाडी होता.

"पोरगं दिसत नाही हल्ली," सासरे म्हणाले. "रागावलंय की काय?"

"कामात असेल," जावयाची बायको त्यांच्या कानात म्हणाली.

"कामात असताना दिवा लागलेला असतो. आता कामातच नाहीये असं दिसतं. नोकरी गेली का त्याची?" त्यांनी छातीवर हात ठेवला.

स्वयंपाकघरात बैठक भरली. मामा म्हणाले, "जावईबापू, त्याच्या नावाने चार ओळी टाका की."

"पासवर्ड कुणाला माहीत आहे, मामा?"

"असता तरी नाही!" सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. "माझ्या लेकाच्या नावाने कुणी एक अक्षर लिहायचं नाही. सांगून ठेवते."

"बरं, अक्षर नको. दिवा तर हिरवा करता येईल? ते तुमचंच खातं."

येत होता. एका ओळीचं काम. जावयाने आपल्या लॅपटॉपवरूनच सासऱ्यांची स्टाइल फाइल उघडली, ठिपका नेहमी हिरवा असा नियम लिहिला, शेवटी 'इम्पॉर्टंट' ठोकलं आणि सेव्ह केलं. सेव्ह केल्याबरोबर तिकडच्या पडद्यावर बदल दिसे.

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "अगं, आला!" पाठोपाठ, "अगं, खजिनदारही आला!"

खजिनदार म्हणजे त्यांच्या पेन्शनर मंडळाचे. ते गेल्या हिवाळ्यात वारले होते. जावयाने धावत जाऊन पाहिलं. नियम धाकट्याच्या ठिपक्यापुरता लिहायचा राहिला होता आणि सगळ्याच ठिपक्यांना लागला होता. खजिनदार हिरवे, त्यांच्या खालचे जुने घरमालक हिरवे, खात्यातले दोन सहकारी हिरवे. बरेचसे मेलेले आणि सगळे उपस्थित. मंडळाच्या सभेला कधी एवढी गणपूर्ती झाली नव्हती.

सासरे मनापासून हसले. "जावईबापू, तुमचा काटा मारतोय बरं का. मेलेली माणसं भरतोय पारड्यात."

"बिघाड आहे बाबा. आत्ता दुरुस्त करतो."

त्याने दुरुस्त केलं. नियम आता एकाच नावाला लागेल असा बांधला. मेलेले पटापट विझले. धाकटा तेवढा तेवत राहिला. जावई आपल्या नेमकेपणावर जरा खूशही झाला. ऑफिसात इतकं नेमकं काम कुणी मागत नसे.

पण सासऱ्यांनी खुर्ची ओढून घेतली. काटा एकदा मारला की निरीक्षक तो तपासल्याशिवाय सोडत नाही. त्यांनी शेजारच्या वकिलांना निरोप टाकला: कॉम्प्युटर बंद करा. वकिलांचा दिवा राखाडी झाला. मग सुरू करा. हिरवा झाला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. वकील शेवटी स्वत:च दारात आले. "काय चाललंय काय? मी काय नळ आहे?"

"बसा," सासरे गंभीरपणे म्हणाले. "काटा आता बरोबर आहे. खोटे दिवे गेले. राहिला तो खरा."

त्यांनी धाकट्याच्या दिव्याकडे पाहिलं आणि चेहरा उतरला.

"म्हणजे तो समोर बसलेला आहे. मगाचपासून. माझं सगळं वाचतोय, आणि 'हं'सुद्धा म्हणत नाही."

मघापर्यंत पोरगा हरवला होता. आता तो पाठ फिरवून बसला. यातलं बापाच्या हृदयाला कुठलं जास्त मानवतं, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं.

सासरे हट्टाला पेटले. गोळ्या घेईनात. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "त्याचे दोन शब्द येऊ देत. बाप टेबलावर झोपणार आहे हे त्याला कळवलंय मी. मग बघू." डॉक्टर म्हणाले, ही तारीख चुकली तर पुढचीपर्यंत टिकतील याची हमी नाही.

पुन्हा स्वयंपाकघर. मामा बराच वेळ हनुवटी खाजवत राहिले. "समोरचा लिहायला लागला की नावाखाली येतं ना काहीतरी?"

"'लिहीत आहे' असं येतं," बायको म्हणाली.

"ते आणता येईल? निदान पोरगा लिहितोय एवढं दिसलं की म्हातारा उठेल."

आणता येत होतं. दिसण्याचे नियम मजकुराला हात लावत नाहीत, हे जावई सगळ्यांना सांगे. पण एक चोरवाट होती. एखाद्या नावाच्या शेपटीला आपले चार शब्द चिकटवायची मुभा नियमांत आहे. ते शब्द कुणी लिहिलेले नसतात, कुठून आलेले नसतात. फक्त दिसतात.

"त्याच्या नावाने अक्षर नको, असं आई म्हणाल्यात," तो म्हणाला.

"हे अक्षर नव्हे हो. हा देखावा."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मिक्सरचं बटण दाबलं. होकार समजायचा की नकार, ते त्या आवाजात कुणाला विचारता आलं नाही. मामांनी होकार धरला.

'लिहीत आहे…' शब्दांपुढची तीन टिंबं जावयाने हळूहळू उजळतील-मावळतील अशी केली. ती कुणी सांगितली नव्हती. हाताला सवय.

सासऱ्यांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं. ताट कॉम्प्युटरसमोर नेऊन. गोळ्या घेतल्या, दाढी केली. वकिलांना बोलावून पडदा दाखवला. "पाहा. लिहितोय. मोठं पत्र दिसतंय." दुसऱ्या दिवशीही ते खुर्चीतच. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली, पिशवी भरलेली, मामा हातात रिपोर्टची पाकिटं घेऊन उभे, आणि सासरे हलेनात.

"बाबा, उशीर होतोय!" बायको कानाशी ओरडली.

"अगं, लिहितोय तो. मध्येच कसा उठू? पाठवलं आणि मी नसलो तर?"

"आल्यावर वाचा ना!"

"लहानपणापासून संथच आहे. परीक्षेत पेपर ओढून घ्यावा लागायचा. लिहू दे त्याला." त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर दिसत होते, आणि चेहरा गेल्या कित्येक वर्षांत नव्हता इतका आनंदी होता.

मामा स्वयंपाकघरात आले. या खेपेला त्यांच्याकडे फर्मान नव्हतं. "काढा ते," एवढंच म्हणाले.

जावयाने लॅपटॉप उघडला. ती ओळ पुसली. हिरव्या रंगाचीही पुसली. सेव्ह केलं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे चपला घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"चला."

"आलं का काही?" सासूबाईंनी खुणेने विचारलं.

"पुसलं त्याने. इतके दिवस लिहिलं, पुसलं आणि उठून गेला." त्यांनी पिशवी उचलली. "चला. आता थांबण्यासारखं काही नाही."

हॉस्पिटलात नर्सने मोठ्याने विचारलं, "आजोबा, मुलं किती?"

"एक मुलगी," सासरे म्हणाले.

त्या मंगळवारनंतर त्या घरातून बाहेर पडलेलं ते पहिलंच खरं वाक्य होतं. कुणी दुरुस्त केलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. नवी झडप घोड्यासारखी चालत होती. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता काय सांगायचं ते सांगा, यांना काही होत नाही. ते अगदी बरोबर निघालं. त्यांना काही झालं नाही.

मामांनी कानाशी तोंड नेऊन सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं.

"कधी?"

मामांनी तारीख सांगितली.

"खोटं. त्यानंतर तो लिहीत होता. मी स्वत: पाहिलंय."

"बाबा, ते मी केलं होतं," जावई दुसऱ्या कानाशी म्हणाला. त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं, फाइल उघडली, त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ पुन्हा लिहिली. धाकट्याच्या नावाखाली 'लिहीत आहे…' उमटलं. टिंबं उजळली, मावळली. मग त्याने ओळ पुसली. गेली.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "छान आहे. पण हे तुम्ही आज करून दाखवलंत. त्यावरून तेव्हाही तुम्हीच केलं होतं, असं सिद्ध होत नाही. दुकानदार वाचवायचा असला की त्याचा भाऊ असाच पुढे यायचा. 'साहेब, काटा मीच बिघडवला.'"

"आम्ही कुणाला वाचवतोय?" मामा ओरडले.

"त्याला. बापाला दोन शब्द लिहिले नाहीत ही लाज झाकायला तुम्ही पोराला मारून मोकळे झालात. जिभेला हाड हवं."

मामांनी मृत्यूचा दाखला पुढे केला. सासऱ्यांनी तो उजेडात धरला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "दिसायला चांगला आहे," म्हणाले आणि परत दिला.

मग सासूबाई पुढे झाल्या. पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. "अहो, गेला हो आपला पोर! खरंच गेला!"

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. क्षणभर त्यांचा चेहरा हलला. मग ते सावकाश म्हणाले, "तो जाऊन इतके दिवस झाले असते, तर तू रोज माझ्यासमोर हसली असतीस? मला केस कापायला पाठवलं असतंस?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माझी बायको आहेस तू. मी ओळखतो तुला. तू असं करणार नाहीस."

हा त्यांनी तिच्या बाजूने दिलेला निकाल होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

जावई काहीतरी म्हणायला गेला. सासऱ्यांनी हात वर केला. "तुमचं काम दिसण्याचं, जावईबापू. मजकुरात पडू नका."

ते कॉम्प्युटरकडे वळून बसले. दिवा राखाडी होता. एकेक अक्षर शोधत त्यांनी बोटं चालवायला सुरुवात केली. बोराएवढी अक्षरं दारातूनही वाचता येत होती. 'डॉक्टर म्हणतात प्रकृती ठीक आहे. तुला कळवण्याचं कारण नाही, तरी कळवतो. त्या दिवशी काय लिहून पुसलंस?'

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला.