चिकाचा वाटा

सुंदराची म्हैस पौषातल्या एका पहाटे व्यायली आणि पारडी झाली. आता म्हैस व्याली तर त्यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण ही म्हैस तीन वर्षं भाकड होती. खोपोलीच्या अलीकडच्या त्या गावात ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस, आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता, विकून टाक. सुंदरा म्हणायची, "सुनेला तीन वर्षं पोर झालं नाय म्हून कोन सून इकतं का रं?" हे ऐकून तिची सून हर्षला आतल्या आत हसायची, कारण तिलाही लग्नानंतर चौथ्या वर्षीच दिवस गेले होते.

तर अशी ती पारडी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका आणि उभं राहायच्या आधीच ढुशी मारायची खोड. सुंदराने तिला पोटभर पाजलं आणि मगच धार काढली. चीक असा दाट आणि पिवळाजर्द उतरला की तिचा नवरा धाकलू, जो सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही, तोही म्हणाला, "बरा हाय."

मुलगा विलास खोपोलीला कंपनीत जायला निघाला होता. जाता जाता म्हणाला, "आई, चौकचा ढाबेवाला कधीपासून चीक मागतोय. म्हणशील तो भाव देईल."

"त्याला सांग, चीक इकायचा नसतो. वाटायचा असतो. त्याला खायचा असंल तर त्यानं हितं येऊन ऱ्हावं, शेजारी म्हून."

विलास हसत गेला. सुंदरा मात्र थट्टा करत नव्हती. म्हैस व्याली की पहिला चीक आळीतल्या प्रत्येक घरी जायचा, ही रीत तिच्या सासूच्याही आधीची. ज्याच्या गोठ्यात आनंद झाला, त्याने तो एकट्याने गिळू नये. गिळला तर पचत नाही, असं सासू म्हणायची, आणि सासू पोटाच्या औषधांतली जाणकार होती.

ओट्यावर तांबे, पेले, डबे मांडले. सुंदरा ओतत होती आणि हर्षला घरोघर पोचवत होती. जाईल तिथून भांडं भरून परत येत होतं, कुठे मूठभर तांदूळ, कुठे गुळाचा खडा, कुठे वालाच्या शेंगा. आळीला जत्रेसारखी कळा आली होती. शेवटी हर्षलाने स्टीलचा मोठा पेला पुढे केला.

"आई, हा सोनुआत्यांचा ना?"

सुंदराचा हात थांबला.

सोनुबाई शेजारची. दोघींच्या अंगणात कुडाचं एक कुंपण, आणि त्यालाही जाण्यायेण्यासाठी पाडलेलं खिंडार. एकाच वर्षी दोघी या गावात सुना म्हणून आल्या, तेव्हापासून लावणी असो, वाल खुडणं असो की बाजार असो, एकीला बोलावलं की दुसरी आलीच. आणि यंदाच्या पावसाळ्यात सोनुबाईच्या म्हशीला, चंद्रीला, बांधावर पान लागलं. साप म्हणायचं नाही, पान म्हणायचं. डॉक्टर येईपर्यंत एवढी मोठी म्हैस लाकडासारखी पडली. तेव्हापासून सोनुबाईचा गोठा रिकामा. दावणीच्या जागी तिने सरपण रचून ठेवलं होतं, म्हणजे तिकडे बघावं लागू नये.

"नको," सुंदरा म्हणाली. "तिच्याकडं नको देऊस."

"का हो?"

"अगं, तिची म्हस मेलीय, आन् आपन चीक नाचवत नेयाचा? जखमेवर मीठ चोळल्यासारकं व्हईल. तिला कळंल, मी का नाय धाडला ते."

हर्षला काहीतरी बोलणार होती, पण नव्या काळची सून असली तरी सासूला कुठे अडवावं आणि कुठे नाही, हे तिला कळत होतं. तिने पेला फळीवर ठेवला. सुंदराला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आपण किती दूरचा विचार केला, दुसऱ्याचं मन कसं जपलं, म्हणून त्या दिवशी तिने खरवसाची वडी थोडी मोठीच खाल्ली.

दिवसभर आळी पारडी बघायला लोटली. कुणी मिठाचा खडा ओवाळून टाकला, कुणी नावं सुचवली. कुंपणातल्या खिंडाराकडे सुंदराचं लक्ष होतं. तिथून कुणी आलं नाही. ती मनाशी म्हणाली, बरोबर आहे, बिचारीला बघवत नसेल.

दुसऱ्या दिवशी वाल खुडायचे होते. सुंदरा टोपली घेऊन निघाली आणि रोजच्यासारखी कुंपणापाशी हाक मारली, "सोनुबाय, चल गं!" उत्तर नाही. वावरात पोचली, तर सोनुबाई आधीच येऊन आपल्या वाफ्यात वाकली होती. सुंदराने परत हाक दिली. सोनुबाई सरळ उभी राहिली, पदर नीट केला आणि तिच्याकडे पाठ करून पलीकडची ओळ धरली.

तेव्हा मात्र सुंदरा टोपली तशीच धरून बांधावर उभी राहिली. इतक्या वर्षांत भांडणं का कमी झाली होती? कोंबडीवरून झाली, नळावरून झाली, पोरांच्या मारामारीवरून तर किती झाली. पण सोनुबाई भांडायची म्हणजे तोंडाने, आणि तेही साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. ही अशी मुक्यानं फिरवलेली पाठ सुंदराने आजवर पाहिली नव्हती.

संध्याकाळी धाकलू दुकानावरून तंबाखू घेऊन आला, तो बातमीही घेऊनच आला.

"सोनुबाय दुकानात बोलत व्हती. आमची म्हस मेली, आमी नाय मेलो अजून, म्हनं. साऱ्या आळीला चीक दिला, आन् आमचं घर तेवडं इटाळलं काय, म्हनं."

"अगं बाई! मी तर तिच्याच भल्यासाठी..."

"तुजं भलं तुज्यापाशी ठेव," धाकलू म्हणाला. "शेजारचं घर वगळतात व्हय? काय इचार केलास तू?"

सुंदरा आधी चिडली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि त्यातही मीच वाईट? कुणी जगात चांगलं करूच नये! भांडी आपटली, मांजराला हाकललं, हर्षलाला विनाकारण दोन शब्द सुनावले. मग धार काढायला बसली, आणि हातावर येणारा चीक बघून तिचा राग ओसरला. चीक पातळ झाला होता. पिवळेपणा जाऊन दुधाचा पांढरा रंग येऊ लागला होता. उद्यापर्यंत ते नुसतं दूधच होईल, आणि दूध काय कुणीही कुणालाही देतं.

तिने होता तेवढा चीक पातेलीत घेतला, साखर घातली, वेलची ठेचली आणि वाफेला ठेवला. खरवस काही नीट धरला नाही. मध्ये गोळा आणि कडेला पाणी. हर्षला म्हणाली, "आई, हा जमला नाही." सुंदरा म्हणाली, "ठाव हाय." पातेलीवर ताटली टाकली आणि दिवस मावळायच्या आत खिंडारातून पलीकडे गेली.

सोनुबाई ओट्यावर शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"चीक आनलाय," सुंदरा म्हणाली.

"उरलासुरला?"

सुंदराला हे लागलं, पण खरं होतं, म्हणून ती खाली बसली. "सोनुबाय, देवाशपथ, तुला वाईट वाटंल म्हून धाडला नाय गं. तुजी चंद्री गेली, तवा..."

सोनुबाईने सूप बाजूला सारलं. "तुजी म्हस तीन वरसं भाकड व्हती, तवा माजी चंद्री व्यायली का नाय?"

"व्यायली."

"तुज्याकडं चीक आला का नाय?"

"आला. सगळ्यात आदी माज्याकडंच आला."

"मंग तवा तुला वाईट वाटलं का? खरं सांग."

सुंदराच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. शेजारणीला असंच उत्तर द्यायचं असतं. पण समोर सोनुबाई होती, आणि तिच्याशी खोटं बोललेलं कधी टिकलं नव्हतं.

"वाटलं," ती म्हणाली. "दुसऱ्या वरसाला लई वाटलं. गोठ्यात जाऊन खाल्ला, आन् खाता खाता रडले. म्हशीला शिव्या दिल्या. तुलाबी दिल्या एकदोन."

सोनुबाईचे डोळे बारीक झाले. "मंग? नसता दिला तर बरं झालं असतं?"

त्या वर्षाचा तो तांब्या सुंदराला आठवला. चीक घशाखाली उतरत नव्हता हे खरं, पण सोनुबाईने हाक मारून दिला होता, आणि आपला गोठा कोरडा असला तरी आपण आळीतून गेलेलो नाही, हेही त्या दिवशी कळलं होतं. ते कळलं नसतं तर ती म्हैस तिने खरंच विकली असती.

"नसता दिलास तर मेले असते गं," ती म्हणाली.

"मंग मलाबी दे ना माजा वाटा," सोनुबाई म्हणाली. "रडंन नायतर हसंन, माजं मी बगंन. तू कोन माजं रडनं वाचवनारी?"

सुंदराने ताटली काढली. सोनुबाईने पातेलीत पाहिलं.

"याला खरवस म्हनतात?"

"नाय जमला."

"साकर तरी घातलीस का?" असं म्हणत तिने बोटांनीच घास उचलला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्याला तिचा बांध फुटला. चंद्री गेली तेव्हा घरचे म्हणाले होते, जनावरच होतं, दुसरं घेऊ. डॉक्टर म्हणाले होते, इलाज नव्हता. त्यावर माणूस रडणार तरी कसं आणि कुणापुढे? आता मात्र ती चंद्रीचं नाव घेऊन रडत होती आणि खातही होती, दोन्ही एकदमच. खरवसाचं पाणी मनगटावरून ओघळत होतं. सुंदरा तिला खेटून बसली. उगी, रडू नकोस, असं तिने एकदाही म्हटलं नाही. मधेच तिनेही एक घास घेतला, तर सोनुबाईने तिच्या हातावर चापट मारली.

"माजा वाटा हाय ह्यो!"

पातेली पुसून रिकामी झाली, तेव्हा सोनुबाईने पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चल. पारडी दाव. आन् दावं कसं बांदलंयस ते बगू दे आदी. तुला कंदी धड बांदता आलंय?"

ती खिंडारातून पुढे गेलीसुद्धा. गोठ्यातून तिचा आवाज आला, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा, की गाठ किती आवळलीय, मुकं जनावर गुदमरंल, आणि काय गं ही रूपाची, अगदी आईवर गेलीय! सुंदरा रिकामी पातेली घेऊन मागून चालली होती. आपल्या घरी म्हैस व्यायली, असं तिला तेव्हा कुठे वाटलं.