शंकरतात्यांच्या नावाचं पान

दिव्या कट्टा गावच्या बसस्टॉपसमोरच्या गाळ्यात बसून समुद्रकाठच्या देवबागच्या होमस्टेंच्या वेबसाइट बनवायची. सर्चमध्ये वर यायचं तर पान भरवशाचं दिसायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लिहिणारा माहीतगार हवा, त्याचा अनुभव दिसायला हवा, इतर साइटींनी त्या पानाची लिंक द्यायला हवी. म्हणून ‘देवबागला समुद्रात केव्हा उतरावं’ हा लेख तिने इकडचं तिकडचं वाचून एका दुपारी जुळवला आणि खाली नाव घातलं शंकरतात्यांचं. तात्या चाळीस वर्षं होडी चालवणारे. होमस्टेसाठी तिनेच काढलेला त्यांचा फोटो तिच्याकडे होताच. मग आपणच बनवलेल्या सहा साइटींवरून तिने त्या लेखाला लिंका दिल्या. महिन्याभरात पान पहिलं आलं. होमस्टेवाले खूश झाले. तात्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ती नवे फोटो काढायला देवबागला गेली, तर नदी-समुद्राच्या संगमाच्या टोकाला माणसं जमलेली. कोल्हापूरचे एक गृहस्थ वाळूत बसून आठ-नऊ वर्षांच्या मुलीची पाठ चोळत होते. मुलगी खोकत होती, खारं पाणी ओकत होती. ओहोटीच्या ओढीत सापडलेल्या त्या पोरीला तात्यांनीच होडी घालून वर काढलं होतं.

गृहस्थ आभार मानायला उठले आणि तात्यांकडे बघतच राहिले. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला.

“काका, हे तुम्हीच ना? ‘सकाळी आठ ते दहा पाणी शांत, मुलांनाही उतरवायला हरकत नाही.’ तुमचा अनुभव वाचूनच उतरलो हो आम्ही.”

तात्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. आपलाच फोटो बघितला. मग मान वळवून दिव्याकडे पाहिलं.

“चुकला माझा,” ते म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

गप्प राहिलं तर निभावेल, असं क्षणभर दिव्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला जास्त लाज वाटली. ती पुढे झाली.

“यांनी नाही लिहिलं. मी लिहिलं. नाव यांचं लावलं.”

“का?” गृहस्थांनी विचारलं.

“अनुभवी माणसाचं नाव असलं की पान वर येतं.”

गृहस्थ मुलीला उचलून निघून गेले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

“माका एकदा इचारूचा होता गो,” तात्या म्हणाले. “पाण्याची ओढ भरती-सुकतीर आसता, घड्याळार नाय.”

दिव्याने तिथेच उभ्याउभ्या लेख काढून टाकला. पण तोवर दुसऱ्या तीन साइटींनी तो नाव-फोटोसकट उचलला होता. तिने तिघांनाही लिहिलं. दोघांनी काढला, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. पुढच्या आठवड्यात तात्यांसमोर बसून, वही भरून, तिने नवा लेख लिहिला आणि या वेळी खाली स्वतःचं नाव घातलं. तो सर्चमध्ये पार खाली गेला. पहिली अजून त्या तिसऱ्याने उचललेली नक्कलच येते.

“माझा नाव गेला काय गो थंयसून?” भेटले की तात्या विचारतात.

“नाही तात्या, अजून नाही,” ती सांगते, आणि तिची नजर वर होत नाही.