आईच्या पिशवीतला लाकडी चमचा

मी लाकडाचा चमचा आहे. आवाज बारीक आहे माझा, तेव्हा जरा जवळ सरकून बसा. घाई असेल तर खुशाल निघा, राग नाही. मला सावकाशच सांगता येतं. ज्याचा जन्म ढवळण्यासाठी झाला, त्याला घाई कशी जमावी? जोरात ढवळलं की सांडतं.

एका सुताराकडे खुर्च्या बनत. एका खुर्चीचा पाय त्याच्या हातून आखूड कापला गेला. आधी तो स्वतःवरच चरफडला. मग त्या पायाला म्हणाला, "तुझ्यावर काही आता कुणी बसायचं नाही बाबा. चल, तुला ढवळायला शिकवतो." त्याने मला तासलं, पोखरलं, घासलं, तेल पाजलं. झाड असतानाचं मला फारसं आठवत नाही. पण गरम दुधाची वाफ लागली की अंगातल्या रेषा हलल्यासारख्या वाटतात, कुठेतरी खूप उंचावर पानं सळसळतात. मग दूध वर येतं आणि मी परत चमचा होतो.

मला घरी नेलं ते एका इस्त्रीवालीने. ती लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. त्यांना एकच मुलगी, बारकी. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून बारकी. पुढे उंचीने बापाला मागे टाकलं, तरी नाव बारकीच राहिलं.

बारकी लहान असताना एका दुपारी तिला सणसणून ताप चढला. आई तिच्यासाठी दूध ढवळत होती. एकाएकी पोरीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, अंग थडथड उडायला लागलं. शेजारीण दारातून किंचाळली, "आकडी आली गं! दातात काहीतरी घाल, जीभ चावेल ती!"

आईच्या हातात तेव्हा मी होतो.

दुधाच्या दातांत एवढा जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं. पोर शांत झाली, घामाघूम होऊन झोपली. माझ्या दांड्यावर तिच्या दातांचे बारीक वण राहिले, चिमणीने टोच मारावी तसे. आई कितीतरी वेळ त्यांवरून अंगठा फिरवत बसली होती. मग तिने मला धुतलं, पुसलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला न टांगता आपल्या कापडी पिशवीत ठेवलं.

तिथून पुढचं माझं आयुष्य पिशवीत गेलं.

तापात बारकीला तसं आणखी कधीमधी झालं. शाळेत जायला लागली आणि ते थांबलं, ते थांबलंच. पण मी पिशवीतून बाहेर आलो नाही. आई लाँड्रीत गेली की मी लाँड्रीत, बाजारात गेली की मी बाजारात. सोबतीला एक किल्ली, एक रुमाल आणि कागदात चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. उन्हात पिशवीच्या विणीतून उजेडाचे ठिपके आत यायचे आणि मला वाटायचं, रात्र झाली, चांदण्या आल्या. अर्धा जागा, अर्धा झोपेत असा मी हेलकावे खायचो. मधूनच आईचा हात बाहेरून पिशवी चाचपायचा. मी हाताला लागलो की तिचा जीव भांड्यात पडायचा.

माणसांची ही गंमत आहे बघा. भीती गेली असं सगळ्यांना सांगतात आणि तिची जागा मात्र राखून ठेवतात.

बारकी वाढली बापाच्या डेपोत. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखायची. बाप कौतुकाने म्हणायचा, "ही पोर नाही, पाना आहे माझा." तिला सैन्यात जायचं होतं, आणि सैन्यातसुद्धा मोठ्या गाडीच्या स्टिअरिंगवर. माणसं भरलेली गाडी डोंगरातून न्यायची, हे तिचं जागेपणीचं स्वप्न. धावणं झालं, लेखी झालं. उरलं एकच, मेडिकल.

आदल्या संध्याकाळी जेवताना बाप म्हणाला, "आधी काही आजार होता का, असं विचारतात. नाही म्हणायचं."

"पण बाबा, आकडी?"

"ती कधीची गोष्ट! दुधाचे दात पडले, त्यांच्याबरोबर तीही पडली. तोंड उघडलंस तर घरी पाठवतील."

"आई, तू सांग."

आई भांडी गोळा करत होती. म्हणाली, "तुला काही झालेलं नाही. ठणठणीत आहेस तू." आणि बोलता बोलता खुंटीवरच्या पिशवीला तिचा हात लागला. मला लागला. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही.

सकाळी आई बारकीबरोबर भरतीच्या केंद्रावर आली. लांबलचक बोळ, भिंतीशी बाकं, औषधी साबणाचा वास. एकेकाला आत बोलवत होते. मला पेंग येत होती. पिशवीतून सगळे आवाज पाण्याखालून यावेत तसे येतात.

बारकीच्या कपाळाला घाम आला होता. आई म्हणाली, "थांब, पुसते," आणि तिने घाईने रुमाल ओढला. रुमालाबरोबर मी बाहेर. फरशीवर खट्टकन पडलो आणि गोल फिरत बारकीच्या बुटाशी थांबलो.

तिने मला उचललं. तिचा अंगठा त्या वणांवर आला. इतक्या वर्षांनी.

"हा अजून आहे?"

"राहिला असेल पिशवीत."

"आई, तू मला ठणठणीत म्हणतेस. मग हा कशाला आणलास?"

आईने रुमाल पिशवीत कोंबला.

"मला वाटायचं तू पिशवी चाचपतेस ती किल्लीसाठी."

"हळू बोल," आई कुजबुजली. "दे इकडे. तुझी पाळी येईल."

बारकीने मला दिलं नाही. मांडीवर आडवं धरलं.  ती म्हणाली, "मी जिथे जाणार तिथे तुझी पिशवी नसेल गं. माझ्या गाडीत माणसं बसतील. त्यांना काय सांगू, माझ्या आईलासुद्धा खात्री नव्हती?"

"अगं, पण तुझं स्वप्न..."

आतून नाव पुकारलं. बारकी उठली आणि मला घेऊनच आत गेली.

टेबलामागे एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय? स्वयंपाकाची परीक्षा पलीकडच्या इमारतीत आहे."

बारकी हसली नाही. तिने मला टेबलावर ठेवलं. "बाई, लहानपणी मला आकडी यायची. तापात. हे माझे दात आहेत."

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात फिरवून पाहिलं. मग आईला आत बोलावलं. आई दाराशीच उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून.

"तोंडात हा चमचा तुम्ही घातलात?"

"हो."

"पुन्हा कुणाच्या घालू नका. जीभ चावली तर ती भरून येते. असल्या चमच्याने दात तुटतात, श्वास अडकतो. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक काही असेल ते दूर करायचं आणि जवळ थांबायचं, बस."

"कुणी सांगितलंच नाही हो."

"तुम्ही कुणाला विचारलंत?" बाई म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. "ताप नसताना कधी आली होती?"

"नाही."

"शेवटची कधी?"

"शाळेत जायच्या आधी."

"आणि तरी हा जवळ बाळगता?"

आईने मान खाली घातली. "विसरायची भीती वाटते. मी विसरले आणि त्याच दिवशी आली तर?"

 बाई बारकीकडे वळल्या. "तापातली आकडी वेगळी आणि मिरगी वेगळी. पण तुझी कुठली ते ठरवायचं काम माझं, घरात बसून तुझ्या आईबापाचं नाही. मोठ्या दवाखान्यात जा. डोक्याला तारा लावून तपासतील. घेतीलच असं मी म्हणत नाही."

घरी आल्यावर बारकीने बापाला सगळं सांगितलं. तो एकदम फुटला, "गप्प राहिली असतीस तर आज स्टिअरिंगवर असतीस!"

"आणि माझ्या मागे बसलेले, बाबा?" बारकी म्हणाली. "ब्रेकची शंका असताना तुम्ही कधी बस डेपोबाहेर सोडलीत?"

बाप हातातला फडका घडी करत राहिला. घडी काही नीट बसेना.

तपासण्या झाल्या. डोकं स्वच्छ निघालं. पुष्कळ दिवस वाट पाहायला लावून कळवलं: भरती मंजूर. पण स्टिअरिंगवर नाही, निदान आताच नाही. गाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात. बारकी तो कागद वाचून मागच्या दारी गेली आणि एकटी रडली. मग डोळे धुऊन आत आली आणि बापाला म्हणाली, "तुमचा जुना पाना द्या. चांगला आहे तो."

निघायच्या दिवशी आईने मला तिच्या ट्रंकेत सरकवलं होतं. बारकीने काढून आईच्या हातात ठेवलं. "तिथे सगळ्यांना सांगणार आहे मी. शेजारच्या खाटेवरचीला कुशीवर कसं वळवायचं तेही शिकवीन. आता ह्याला सोड गं. दूध ढवळू दे बिचाऱ्याला."

परवा तिचा फोन आला होता. आईने विचारलं, "तब्येत?" तर म्हणाली, "शेजारच्या खाटेवरची म्हणते, तू रात्री घोरतेस. तेवढंच दुखणं आहे." आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

मी आता भिंतीवरच्या खिळ्याला असतो. खिडकीतून उजेड येतो, सबंधच्या सबंध, ठिपक्यांचा नाही. सुरुवातीला डोळे दिपले. सकाळी आई दूध ढवळते तेव्हा तिचा अंगठा अजून त्या वणांवर येतो, जरासा थांबतो आणि पुढे सरकतो. पिशवी खुंटीला हलकी होऊन लोंबते. कधी बाहेर निघताना ती सवयीने चाचपते. हाताला किल्ली लागते, पेपरमिंट लागतं. ती क्षणभर उभी राहते, आणि जाते.

माझं काय, लाकूडच आहे मी. कधीतरी तडा जाईल. तोवर एवढंच मागणं आहे. कुणाचं अंग असं ताठ झालं, तर माझ्यासारख्याला त्याच्या दातांत घालू नका. त्याला कुशीवर घ्या आणि जवळ बसा. आणि विचारणाऱ्याने विचारलं, तर सांगा. पिशवीत फार अंधार असतो हो. मी राहून आलोय तिथे.

चला, दूध वर यायला लागलं. वाफ लागतेय. पानं हलतायत बघा वर, खूप वर.