लिंडेनच्या सावलीतले कामगार न्यायालय

मित्रांनो, मी एक जुनी दगडी इमारत आहे. जर्मनीतल्या एका नदीकाठच्या शहरात, लिंडेनच्या झाडांखाली मी उभी आहे. एका लोकरीच्या व्यापाऱ्याने मला हौसेने बांधले. माझ्या उंच खिडक्या पाहायला लोक रस्त्यात थांबत. पुढे युद्ध आले आणि छप्पर जळाले. मग कितीतरी वर्षे माझ्या वरच्या मजल्यावर फक्त कबुतरे आणि धुके राहत होते. दोन जर्मनी एक झाल्यावर माझी डागडुजी झाली आणि प्रांताचे कामगार न्यायालय इथे आले. खालच्या कोर्टात हरलेले लोक शेवटच्या आशेने माझ्या पायऱ्या चढू लागले.

मी पुष्कळ ऐकले, पुष्कळ विसरले. रोसविटा लाउबे मात्र अजून माझ्या स्वप्नात येतात.

लाउबेबाई चिनी मातीच्या कारखान्यात एकोणतीस वर्षे कपांवर पक्षी रंगवत. एक कप पिशवीतून घरी नेताना त्या सापडल्या. चोरी केली म्हणून त्यांना कामावरून काढले. खालच्या कोर्टात त्यांनी तोंडच उघडले नाही.

त्या सकाळी धुके इतके दाट होते, की दालनातली माणसे पाण्याखाली बसल्यासारखी वाटत होती. मध्ये न्यायाधीश आल्बर्सबाई आणि त्यांच्यासोबत निवाडा करणारे दोन साधे नागरिक पंच. त्यांच्या एका बाजूला मालकांतर्फे नेमलेले बेकरीवाले थाम, दुसऱ्या बाजूला कामगारांतर्फे नेमलेल्या ट्रामचालक येशकेबाई.

"कप का नेलात?" आल्बर्सबाईंनी विचारले.

लाउबेबाई टेबलावरच्या कपाकडे पाहत राहिल्या.

थाम यांनी कप उजेडात धरला. "बाई, न्यायचाच होता तर चांगला तरी न्यायचा. ह्या पक्ष्याचा एक पंख पार मुडपलाय."

लाउबेबाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता.

"म्हणूनच नेला," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं, हात असाच कापतोय. असे कप मी गुपचूप फोडून टाकायचे. हा काही माझ्याच्यानं फोडवेना. कुणाला कळलं असतं तर ब्रश गेला असता हातातला."

कारखान्यातर्फे आलेले पोले त्यांचे जुने सोबती. ते हळूच म्हणाले, "मला तरी सांगायचंस, रोसविटा."

"तू विचारलंस कुठं? सरळ पिशवीत हात घातलास."



एका बिघडलेल्या कपासाठी एकोणतीस वर्षांची नोकरी घालवणे योग्य नाही, असे म्हणत न्यायालयाने लाउबेबाईंची नोकरी परत दिली. पण ब्रश सुटला तो सुटलाच; पुढे त्या नव्या रंगाऱ्यांना पक्षी शिकवू लागल्या. त्या दिवशी जाताना त्या जिंकलेल्या माणसासारख्या दिसत नव्हत्या. जिन्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ थांबल्या. त्यांच्या हाताची थरथर माझ्या लाकडात उतरली. ती अजून तिथेच आहे असे मला वाटते.

मित्रांनो, माझ्या भिंतींना आता ओल येते. तेवढी दुरुस्ती जरूर करा. पण त्याहून मोठे एक मागणे आहे. रोज तुमच्या शेजारी काम करणारे माणूस अचानक अबोल झाले, तर त्याला माझ्यापर्यंत येऊ देऊ नका. आधी तुम्हीच त्याच्याजवळ बसा. माझे दालन रिकामे राहिले तरी मला वाईट वाटणार नाही.